वॅक्सच्या आधी दर वेळी गाडी घासायची का?

मागच्या अंकात गाडीला वॅक्स लावायचं थोडक्यात लिहिलं होतं, दोन-तीन महिन्यांतून एकदा लावा म्हटलं होतं, आणि त्यावर इतके प्रश्न आले का या खेपेला टायर-बॅटरी सगळं बाजूला ठेवून रंगाचंच बोलू. पत्रं तुमच्याच बोलीत ठेवलीत, फक्त छाटलीत, एकानं तर गाडीच्या आधी सासुरवाडीचीच दोन पानं लिहिली होती.

प्रश्न : भाऊ, माही गाडी पांढरी हाये, सेकंडहॅन्ड घेतली, चार वर्ष जुनी. घर वणी तालुक्यात रोडले लागून, दिवसभर कोळशाचे ट्रक जातेत. तुमी सांगतलं तसा वॅक्सचा डबा आणला. आता वॉशिंगवाला पोट्टा म्हणते का दर वेळी वॅक्सच्या आधी मशीननं रबिंग मारावंच लागते, नाईतं वॅक्स धरतच नाई. साळा म्हणते क्ले घे अन् दर महिन्याले फिरव. बाबा म्हणतेत कपडे धुवाच्या पावडरनं धुतली का झालं. मी कोनाचं आयकू? किती दिवसानं रंग साफ करा लागते थे एकदाचं सांगा.
(वणी तालुका)

उत्तर : कोणाचंच पूर्ण ऐकू नका, पण तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. घोळ शब्दात आहे बघा, 'साफ करणं' या एका शब्दात आपण तीन वेगळी कामं कोंबतो. धुणं हे एक, त्यात वरची धूळमाती जाते. धुऊनही रंगाला जे चिकटून राहतं, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, लोखंडाचे बारीक कण, ते उपटून काढणं हे दुसरं, त्यासाठी क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी मऊ, चिकट वडी, ती ओल्या रंगावरून फिरवायची. आणि रबिंग म्हणजे साफ करणं नव्हेच, तिथं आपण रंगाचाच वरचा पापुद्रा खरवडून ओरखडे सपाट करतो.

धुणं वॅक्सच्या आधी दर वेळी, यात सूट नाही. घरी अंगण सारवताना कोणी कचऱ्यावरून सारवते का, आधी झाडू मारतेच ना, तसं. क्ले मात्र दर वॅक्सला लागत नाही. उलटं म्हणाल तर ते पक्कं आहे, क्ले फिरवली का जुनं वॅक्सही तिच्यासोबत निघून जातं, म्हणून क्लेनंतर वॅक्स लावावंच लागतं, पण वॅक्सच्या आधी क्ले हवीच असं काही नाही. साळेबुवांनी हे वाक्य उलटं पकडलं आहे.

मग कधी लागते ते कॅलेंडर नाही सांगत, तुमचा हात सांगते. गाडी धुवा, सावलीत पुसून कोरडी करा, किराण्याची पातळ पन्नी असते ना ती हातात मोज्यासारखी घाला आणि बोनटवरून, छतावरून हलकेच हात फिरवा. पन्नीमुळे बोटांना रंगापेक्षा खडबडीतपणा जास्त जाणवतो. काचेवरून फिरवल्यासारखं गुळगुळीत लागलं तर सरळ वॅक्स लावा आणि मोकळे व्हा. बारीक रव्यावरून हात जातोय असं वाटलं, खर्रखर्र आवाज आला, तर क्लेची वेळ झाली. नुसता बोनट पाहून ठरवू नका, दरवाजांचा खालचा भाग आणि डिक्कीचं झाकणही पाहा, तिथं जास्त बसते. आणि पाण्याचे मणी होतात म्हणजे रंग साफ आहे असंही समजू नका, जुनं वॅक्स खडबडीत रंगावरही मणी दाखवते.

तरी तुम्ही म्हणाल भाऊ अंदाजे तरी सांगा. आपल्याकडच्या, म्हणजे गावात उभी राहणाऱ्या, कच्च्या रस्त्यानं वावरात जाणाऱ्या गाडीला वर्षातून दोनदा क्ले पुरते. मी स्वतः एक मृग लागायच्या आधी, म्हणजे मे संपता संपता, आणि एक दिवाळीनंतर सोयाबीन निघून थ्रेशरचा भुसा उडायचा थांबला का करतो. भुसा उडत असताना करून काही उपयोग नाही, संध्याकाळी पुन्हा तेच. तुमच्या कोळसापट्ट्यात तीनदाही लागू शकते. शेडमध्ये राहणारी, महिन्यातून चार वेळा बाहेर निघणारी गाडी असेल तर एकदाच, कधी तेही नाही. दर महिन्याला क्ले म्हणजे रंगाला उगाच बारीक ओरखडे देणं, कारण क्ले कितीही मऊ असो, तिच्यात अडकलेला खडा मऊ नसतो.

आता तुमची पांढरी गाडी. जवळ जाऊन पाहा, दरवाजांच्या खाली, मागच्या बाजूला नारंगी-तपकिरी टिंबं दिसतात का. लोकं म्हणतात गाडी गंजली. नाही गंजली, ते लोखंडाचे कण आहेत, ब्रेक डिस्क घासून उडतात, रेल्वेची सायडिंग जवळ असेल तर तिकडूनही येतात, आणि रंगावर बसून तेच गंजतात. पांढऱ्यावर दिसतात, काळ्यावर दिसत नाहीत एवढाच फरक. कोळशाची धूळ त्यामानानं बरी, वेळेवर भरपूर पाण्यानं धुतली तर बरीचशी जाते, फक्त कोरड्या फडक्यानं पुसू नका, काळे ओरखडे तिथंच पडतात. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं स्प्रे मिळते, थंड गाडीवर सावलीत मारलं का कणांवर जांभळं होऊन ओघळते, पाहायला मजा वाटते पण वास असा येते का घरातले बाहेर काढतील. अंगणात मोकळ्यावर करा, हातमोजे घाला, वाळू देऊ नका, तीन-चार मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवा. ते आधी आणि क्ले नंतर. आधीच क्ले घासली तर कणाचं डोकं तुटते आणि मूळ रंगातच राहते, आपल्या वावरातल्या हराळीसारखं.

क्ले फिरवायची पद्धत लय सोपी आहे पण लोकं घाई करतात. बादलीत कार शाम्पूचं पाणी बऱ्यापैकी घट्ट करा, बोनटचा अर्धा भाग ओला करा, क्ले हातात मळून चपटी करा आणि बोटांनी जोर न देता सरळ रेषेत मागं-पुढं न्या, गोल गोल नाही. पहिल्यांदा हात अडखळते, मग चार-सहा फेऱ्यांत सरकायला लागते, सरकली का तो भाग झाला. क्ले उलटवून पाहा, काळी दिसेल, घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणा. आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ठेवा, क्ले हातातून खाली मातीत पडली का ती संपली, धुऊन पुन्हा वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. म्हणून मी पहिल्याच दिवशी तिचे तीन-चार तुकडे पाडून ठेवतो, एक पडला तर एकच गेला.

राहिलं रबिंग. तिथं मले जरा जास्त बोलायचं आहे कारण हायवेवरच्या वॉशिंगवाल्यांकडे गाड्या जास्त करून रबिंगनंच खराब होतात. गाडीचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरकोटपर्यंत, कंपनीतून येतो तेव्हा साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५०. डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरते. म्हणजे ऊन-पावसापासून जी काच रंगाला वाचवते ती आपल्या केसाहूनही पातळ. कंपाउंड, म्हणजे रबिंगची खरवडणारी पेस्ट, आणि मशीन एकदा फिरलं का त्यातले काही मायक्रॉन गेले, ते परत येत नाहीत, वॅक्स लावलं तरी नाही, वॅक्स काही रंग नाही. वर्षातून चार वेळा वॅक्स आणि चारही वेळा रबिंग केलं तर दोन-तीन वर्षांत छताचं कातडं सोललेलं दिसायला लागते, पांढुरके चट्टे, आणि मग तो इलाज फक्त पेंटरकडेच असतो.

हे पुस्तकातलं नाही सांगत. मी डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात नवा होतो तेव्हा उस्तादांनी एका काळ्या गाडीचं बोनट माझ्याकडे दिलं, अन् स्वतः चहाला गेले. चमक येऊन राहिली म्हणून मी मशीन कडेवर जरा जास्तच वेळ ठेवली. बोनटच्या कडेवर, घडीवर रंग आधीच पातळ बसलेला असतो हे मले कोण सांगतलं होतं. उस्ताद आले तोवर कडेला बोटभर लांबीचा राखाडी प्रायमर उघडा पडला होता. मालक भला होता, बोलला नाही, पण अर्धा पगार गेला आणि तेव्हापासून कडेवर मी आधी टेप मारतो. तर रबिंग किंवा पॉलिश तेव्हाच जेव्हा उन्हात तिरकं पाहून कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे डोळ्याला खुपतात किंवा रंग मळकट झाला आहे, आणि तेही दोन-तीन वर्षांतून एकदा, हलकं. वॅक्स धरण्यासाठी तर बिलकुल नाही. वॅक्सला स्वच्छ, कोरडा, थंड रंग पाहिजे, बस.

बाबांना सांगा, कपड्याची पावडर वॅक्सचा तेलकटपणा ओढून नेते, म्हणजे तुम्ही रविवारी वॅक्स लावणार आणि पुढच्या रविवारी ते बादलीत जाणार. भांड्याच्या साबणाचंही तेच. कार शाम्पू घ्या, नसेल तर नुसत्या भरपूर पाण्यानं धुवा, पण दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं दर वेळी साध्या पाण्यात आधी खंगाळून मग शाम्पूत. जुन्या लुगड्याचं फडकं मऊ असते हे खरं, पण त्याचा काठ आणि त्यात बसलेली माती मऊ नसते, मायक्रोफायबर चार घेऊन ठेवा.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. बोर्डो फवारणी करताना गाडी धुऱ्यावरच उभी होती, बोनटवर निळसर-पांढरे ठिपके बसले ते धुऊन जात नाहीत. यावरून वॅक्स मारलं तर झाकले जातील का? का आधी क्ले करू?
(वरूड)

उत्तर : झाकले जाणार नाहीत, उलट वॅक्सखाली पक्के बसून जातील आणि पुढचा पावसाळाभर तुम्हाला दिसत राहतील. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, एक टक्क्याचं असलं तरी १०० लिटर पाण्यात एकेक किलो, तुम्हाला मी काय सांगू. त्यातला चुना वाळला का दगडासारखा होते आणि रंगाला खातेही. त्यावर लगेच क्ले घासू नका, क्लेत चुन्याचा कण अडकला का त्याच कणानं बोनटभर रेघा ओढाल. आधी ओलं फडकं ठिपक्यांवर दहा-पंधरा मिनिटं टाकून ठेवा. मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापसाच्या बोळ्यानं ठिपक्यावर लावा, एखाद-दीड मिनिट ठेवा, धुवा, लागलं तर पुन्हा. सावलीत करा, वाळू देऊ नका, आणि खाली पत्रा उघडा पडलेला किंवा गंजलेला असेल तिथं लावू नका. व्हिनेगरनं त्या जागचं वॅक्स उतरते, म्हणून ठिपके गेल्यावर पन्नीनं हात फिरवून पाहा, खरखर राहिली असेल तेवढ्याच भागाला क्ले, मग वॅक्स. पूर्ण गाडी करायची गरज नाही. ठिपका गेला पण त्याच्या जागी खळगा दिसतो आहे तर चुन्यानं रंग खाल्ला समजा, तिथं हलकं पॉलिश लागेल, ते चांगल्या माणसाकडून करून घ्या. आणि पुढच्या वेळी गाडी धुऱ्यावर नको, वारा पाहून दोन वावरं लांब उभी करा, पायी चाललं तर काय झालं.

प्रश्न : दादा, आमच्या खारपाणपट्ट्यात बोरच्या पाण्यानं गाडी धुतली की वाळल्यावर अंगभर पांढरे डाग. वॅक्स लावलं तरी दोन धुण्यात तीच गत. आम्ही किती वेळा क्ले करायची?
(दर्यापूर)

उत्तर : दादा, तुमच्याकडे क्लेपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेल्या या पट्ट्याचं पाणी प्यायला चालत नाही ते रंगाला कसं चालेल. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते आणि क्षार तिथंच राहतात, उन्हात ते भाजून बसतात. क्ले या डागांवर फारशी चालतही नाही, ती चिकटलेली घाण उपटते, क्षाराला आंबटच लागते, म्हणजे वर सांगितलेला व्हिनेगरचा उपाय, आणि तोही वर्षातून एक-दोनदा, रोजची सवय म्हणून नाही.

खरं काम धुतानाच आहे. दिवस उगवायच्या आत नाहीतर सूर्य बुडल्यावर धुवा, आधी छत धुवा आणि छतच पुसून कोरडं करा, मग बोनट, मग एक बाजू, पूर्ण गाडी भिजवून मग पुसायला सुरुवात केली तर मे महिन्यात पहिला भाग तुमची वाट पाहत नाही. शेवटची एक बादली गोड्या पाण्याची ठेवा, नळाचं, टँकरचं, पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं सगळ्यात उत्तम. एक बादली लागते, जास्त नाही, मग्ग्यानं वरून सोडायची. माझ्या ओळखीचे एक जण धुवायचं सोडून फक्त ओल्या फडक्यानं पुसतात, पाणी वाचते म्हणतात, पण त्यांच्या गाडीवर उन्हात जे जाळं दिसते ते पाहून मी काही बोललो नाही.

वॅक्सच्या बाबतीत तुम्ही डब्यातल्या कारनौबाऐवजी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं पण कारखान्यात बनवलेलं, वापरून पाहा. कारनौबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडाच्या पानावरचं मेण, चमक त्याची गहिरी, पण आपल्या उन्हात दोन-तीन महिने, कधी त्याहून कमी. सीलंट चार-सहा महिने जाते आणि त्यावरून पाणी भराभर घसरते, थेंब कमी थांबतात. उन्हाळ्यात मेण वितळून वाहून जाते असं काही लोक सांगतात ते खरं नाही, निव्वळ कारनौबा ८२ ते ८६ अंशाला वितळते. तापल्या पत्र्यावर लावलं तर मात्र ते लगेच सुकून चिकटते आणि पुसता पुसता खांदे जातात, म्हणून लावायचं ते थंड गाडीला.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. गाडी काळी आहे आणि शाळेत सावली फक्त एका कडुलिंबाखाली. पाखरांची घाण आणि वरून काहीतरी चिकट पडतं. दर शनिवारी घासून वॅक्स करावं का? की कव्हर घालू?
(लाखनी)

उत्तर : ताई, दर शनिवारी घासू नका, काळ्या रंगावर घासल्याचंच जास्त दिसेल. ते चिकट म्हणजे बहुतेक झाडाचा चीक नाही, झाडावरच्या किडीनं टाकलेला गोड चिकटा असतो, कपाशीवर मावा आला का पान जसं चिकचिकते तसाच, तो ताजा असताना कोमट पाण्यानं जातो. पाखराची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढा, उद्यावर नको, तिच्यात युरिक ॲसिड असते आणि दुपारच्या उन्हात तापलेला रंग फुगून थंड होताना तिला घट्ट धरतो, मग डाग नाही, ठसा राहतो. डिक्कीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी ठेवा, एक ओलं करून डागावर मिनिटभर दाबून ठेवायचं, मग उचलून घ्यायचं, घासायचं नाही. वॅक्स तुम्ही दोन महिन्यांनी लावा, तुमच्यासाठी ते चमकेपेक्षा ढाल म्हणून जास्त कामाचं आहे, आणि पन्नीची परीक्षा तीन महिन्यांनी घ्या. कव्हर धुळीच्या गाडीवर घालणार असाल तर नको, वारा सुटला का कव्हर पॉलिश पेपरसारखं घासते. मोहाच्या झाडाखाली लावत असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जागा बदला, फुलांचा थर साचून तापला तर वासही जात नाही आणि डागही.

प्रश्न : रानडुक्कर धडकलं, बोनट नवा रंगवला. वॅक्स कधी?
(काटोल)

उत्तर : निदान एक महिना थांबा, ज्यानं रंगवला त्याला विचारा, भट्टीत वाळवला असेल तर तो लवकरचं सांगेल, उघड्यावर हवेत वाळवला असेल तर दोन महिने धरा. आतलं थिनर अजून बाहेर पडत असते, त्यावर वॅक्सचं झाकण नको. तोवर नुसतं पाण्यानं धुवायचं, क्ले तर नाहीच. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीला मात्र ही अट नाही, तिचा रंग भट्टीतून पक्का होऊन आलेला असतो.

प्रश्न : बाबांची जुनी जीप हाये. पॉलिश लावलं का फडक्याले लाल रंगच येते, पाच फडके झाले तरी येऊनच रायला. मळ किती वर्षाचा असन?
(सालेकसा)

उत्तर : मळ नाही बाप्पा, रंगच येऊन रायला, थांबवा ते! जुन्या गाड्यांना, ट्रॅक्टरलाही, वरून क्लिअरकोट नसते, एकच रंग असते आणि उन्हानं त्याची वरची पातळी पिठासारखी होते, ती फडक्यावर येते. तुम्ही घासत राहिलात तर बाबांच्या जीपचं लाल संपेपर्यंत ते येतच राहील. एकदा हलकं पॉलिश, पीठ गेलं आणि खालचा लाल दिसला का लगेच वॅक्स, आणि मग दर दीड-दोन महिन्यांनी फक्त धुऊन वॅक्स, पॉलिशचा डबा वर माळ्यावर. पाचवं फडकं झालं म्हणता तर आजच वॅक्स लावा.